चढाईचे भक्त

बचाव महत्त्वाचा नाही असं म्हणणारा प्रशिक्षक मला अजून भेटायचाय. कबड्डीचा असो, बास्केटबॉलचा असो, की एकाच शिट्टीवर चार खेळ चालवणारे आपल्या शाळांतले क्रीडाशिक्षक असोत, उद्घाटनाच्या माईकवर सगळे एका सुरात बोलतात. बचाव हा खेळाचा कणा, बचाव पक्का तर संघ पक्का. मांडवात टाळ्या पडतात. मग सामना सुरू होतो आणि रात्रभर ज्याच्या नावानं मैदान दणाणतं तो असतो रेडर, चढाई करणारा.

दिवाळी उलटली की वाशिम जिल्ह्यात चुन्याची मैदानं आखली जातात. सोयाबीन अडत्याच्या काट्यावर गेलेलं असतं, तूर शेतात उभी असते, हाताला उसंत आणि खिशात थोडा पैसा असतो. रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही तालुक्यात जा, हॅलोजनच्या उजेडात पहाटेपर्यंत सामने चाललेले दिसतील. अकोला, यवतमाळ, हिंगोलीकडची पोरं भाड्याच्या गाड्या करून येतात. वऱ्हाडाला या खेळाचा अभिमान असणं साहजिक आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मातीतल्या खेळाचं प्रात्यक्षिक परदेशी पाहुण्यांना दाखवलं होतं. एवढा वारसा आहे, म्हणूनच त्यातलं ढोंग अधिक खुपतं.

प्रशिक्षकाचं मन ओळखायचं असेल तर त्याचं भाषण ऐकू नये, सराव पाहावा. दोन तासांच्या सरावात दीड तास चढाईला जातो. टाचेनं स्पर्श, मागे लाथ, डुबकी, बोनस रेषेवरचा झुकाव, एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली जाते. समोर सहा-सात पोरं साखळी धरून उभी असतात. त्यांनाही सराव मिळतोय असं वाटतं, पण नीट कान देऊन ऐका. "अबे, जोरात नको धरू त्याले, परवा सामना हाये!" म्हणजे ती पोरं तिथे शिकायला उभी नाहीत, रेडरला शिकवायला उभी आहेत. कोपऱ्यातल्या पोरानं घोटा कधी धरायचा, चवडा वळण्याच्या आधी की वळल्यावर, मध्यरक्षकानं धडक कुठल्या खांद्यानं द्यायची, साखळीतल्या दोघांनी एकमेकांचा हात कधी सोडायचा, हे बहुतेक पोरं मार खाऊनच शिकतात.

ही उपेक्षा अडाणीपणातून येत असती तर मी एवढा चिडलो नसतो. पण कबड्डीत अर्धा सामना बचावाचाच असतो, हे नियम वाचणाऱ्या कुणालाही दिसतं. एक चढाई आपली, एक त्यांची. चाळीस मिनिटांतली निम्मी तुम्ही सात जणांनी मिळून एका माणसाला थोपवण्यात घालवायची आहेत. ज्या धंद्यात अर्धं काम बचावाचं आहे तिथे अर्ध्या कामाला सरावाचा चौथा हिस्सा देणारा माणूस काय मानतो हे त्याच्या घड्याळावरून कळतं.

आणि याहून बारीक गोष्ट सांगतो. बाकावरून ओरडणारा प्रशिक्षक पकडीचं कौतुक नेमकं कधी करतो, तेवढं टिपून घ्या. कबड्डीत समोरचा एक बाद झाला की आपला आधी बाद झालेला खेळाडू आत येतो. संघाचा नावाजलेला रेडर बाहेर बसला की अख्खा बाक उठून उभा राहतो. "धर त्याले, धर! आपला रेडर आत आन!" पकड झाली की जल्लोष होतो, मिठ्या पडतात. पण तो जल्लोष पकडीचा नसतो, रेडर परत आल्याचा असतो. ज्या पोरानं उडी मारून मांडीला मिठी घातली आणि समोरच्याचं सगळं वजन छातीवर घेतलं, तो अजून उठतोय, धूळ झटकतोय, तोवर सगळ्यांच्या नजरा आत येणाऱ्याकडे वळलेल्या असतात. बचावाची किंमत इथे एवढीच उरते की तो चढाईची सोय करतो.

हा रोग आपलाच आहे असं समजू नका. अमेरिकेत पॉल वेस्टहेड नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. माणूस विद्वान, शेक्सपिअर शिकवणारा. चेंडू हातात येताच पळायचं आणि काही सेकंदांत बास्केटवर टाकायचं, हा त्यांचा धर्म. १९८९-९० च्या हंगामात त्यांच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या संघानं सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण केले, कॉलेज बास्केटबॉलमधला हा विक्रम आहे. पुढच्याच वर्षी डेन्व्हरच्या व्यावसायिक संघानं त्यांना नेमलं. सामन्यामागे ११९.९ गुण झाले, आणि समोरच्यांनी केले १३०.८. ८२ पैकी जिंकले २० सामने. गंमत म्हणजे त्यांच्या पद्धतीत बचाव होता, संपूर्ण मैदानभर समोरच्यावर दाब टाकायचा. पण तो दाब थोपवण्यासाठी नव्हता. समोरच्यानं घाईत चेंडू टाकावा, गेला तर जावा, पण चेंडू लवकर आपल्या हातात परत यावा, यासाठी तो होता. आमच्या गावच्या प्रशिक्षकाला रेडर आत हवा, त्यांना चेंडू परत हवा. दोघांनाही विचारलं असतं तर दोघांनी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही बचावाला फार मानतो. आणि दोघंही मनापासून खोटं बोलले असते. (वेस्टहेड यांनी याच वेगाच्या जोरावर २००७ मध्ये फिनिक्सच्या महिला संघाला विजेतेपद मिळवून दिलं, हेही सांगायला हवं. चढाईनं जिंकता येतच नाही असा माझा दावा नाही. मी मानतो-मानत नाहीचा हिशेब मांडतोय, जिंकण्या-हरण्याचा नाही.)

आता पैशाकडे वळू, कारण समाज काय मानतो हे पैसा कधी लपवत नाही. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. २०१८ च्या लिलावात सगळ्यांत महाग ठरला मोनू गोयत, १ कोटी ५१ लाखांना. पुढच्या वर्षी आपला सिद्धार्थ देसाई, १ कोटी ४५ लाख. २०२१ मध्ये परदीप नरवाल, १ कोटी ६५ लाख. २०२२ मध्ये पवन सेहरावत, २ कोटी २६ लाख, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तोच, २ कोटी ६० लाखांच्याही वर. २०२४ मध्ये सचिन तंवर, २ कोटी १५ लाख. सगळेच्या सगळे चढाईपटू. बचावासाठी ओळखला जाणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई लिलावात सगळ्यांत महाग ठरायला २०२५ साल उजाडावं लागलं. त्याआधी त्यानं काय केलं होतं? २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटण विजेती झाली तेव्हा तो त्या संघात होता, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हरियाणा स्टीलर्स विजेते झाले तेव्हा तो त्यांच्या संघात होता. पहिल्या अंतिम सामन्याचा गुणफलक २८-२५, दुसऱ्याचा ३२-२३. त्या दुसऱ्या हंगामात पाटण्याचा देवांक हा सर्वाधिक गुण मिळवणारा रेडर होता, चढायांचे तीनशेवर गुण त्याच्या नावावर होते. आणि बालेवाडीतल्या अंतिम सामन्यात त्याचा सगळा संघ मिळून २३ वर थांबला. करंडक कोण उचलतं ते सगळ्यांनी पाहिलं, तरी बोली लावणाऱ्यांना समजायला इतका वेळ लागला.

बोली लावणारे तरी कुठून आले? आपल्यातूनच. सिद्धार्थ देसाईचं नाव आपल्या गावचं शेंबडं पोरगंही सांगेल. डावा कोपरा सांभाळत हाडं झिजवलेल्या गिरीश इरनाकचं नाव किती जणांना येतं? २०१५ मध्ये यू मुंबानं लीग जिंकली तेव्हा बचावात उभ्या असलेल्या विशाल मानेचं? आपल्या घरातलं पोरगं मैदानावर जायला लागलं की बाप पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला काय सांगतो? "सर, याले रेडर बनवा." कोपऱ्यात उभं करा, असं सांगणारा बाप मी तरी ऐकलेला नाही. पोलीस भरती, खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे सगळं डोक्यात असतं आणि त्यात चुकीचं काही नाही. पण निवड समितीच्या नजरेत भरायचं तर चढाईच करावी लागते, हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बापानं आपल्या सगळ्यांकडे पाहूनच ओळखलेलं असतं.

म्हणून प्रशिक्षकाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मान्य नाही. समजा, एखाद्या प्रशिक्षकानं ठरवलं की नावाजलेला रेडर साखळीत नीट उभा राहत नाही, समोरची चढाई आली की मागच्या रेषेला चिकटून स्वतःला वाचवतो, म्हणून त्याला बाहेर बसवायचं. बचावाला खरंच मानणाऱ्या माणसाची हीच परीक्षा आहे, कारण इथे त्याला काहीतरी गमवावं लागतं. काय होईल? मैदानाच्या कडेला बसलेले दोन-तीनशे लोक ओरडायला लागतील. मंडळाचा अध्यक्ष निरोप पाठवेल. ज्यानं पहिलं बक्षीस पुरस्कृत केलंय तो उठून जाईल, कारण तो रेडर पाहायला आला होता. पुढच्या वर्षी त्या प्रशिक्षकाला कुणी बोलावणार नाही. आणि हे सगळं करून झाल्यावर आपणच पारावर बसून म्हणू, आपल्याकडच्या कोचला डिफेन्सचं काही कळत नाही.

लोक एक युक्तिवाद नेहमी पुढे करतात. बचाव पाहायला लोक येत नाहीत, चढाईतच थरार आहे. अर्धी गोष्ट खरी आहे. मोकळ्या मैदानावर एकटा माणूस दम घालत सात जणांच्या घरात शिरतो, तिघांना शिवून परत येतो, हे पाहून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्यानं बुद्धिबळ खेळावं. पण मैदानात तीनच जण उरलेत, समोरून ताजा रेडर येतोय, लोण पडायची वेळ आलीय, आणि त्या तिघांतला एक खाली झेपावून घोटा धरतो, बाकीचे दोघं कमरेवर कोसळतात, तो क्षण काय कमी थराराचा आहे? लीगमध्ये अशा अव्वल पकडीला जादा गुण मिळतो आणि लोक ते पाहायला शिकले. म्हणजे थरार तिथे आधीपासून होता, आपल्या डोळ्यांना तो पाहायचं वळण नव्हतं. आणि तिथेही गुणपत्रकावर ती पकड ज्यानं आधी हात घातला त्या एकाच्याच नावावर लागते. कमरेवर कोसळलेले दोघं कागदावर नसतातच.

आता जरा मैदानाबाहेर येतो, कारण हा रोग मैदानावर सुरू झालेला नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी केली आणि त्यांना आकांक्षित जिल्हे असं गोड नाव दिलं. महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपला वाशिम. त्या यादीत काय मोजलं होतं ते पाहा. पोरांचं पोषण, गरोदर बायांची तपासणी, लसीकरण, शाळा, पाणी, शेतातली माती, बँकेतलं खातं. यातलं जवळजवळ सगळं बचावाचं काम आहे, माणसाला कोसळू न देण्याचं. दिल्लीनं कागदावर लिहून दिलं की तुमची साखळी कच्ची आहे. आपण काय केलं? यादीतलं नाव भाषणात वापरलं. लसीकरणासाठी तांड्यातांड्यावर उन्हातान्हात फिरणाऱ्या आशाताईंना आपलं मानधन वाढावं म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसावं लागलं. तेव्हा आपल्या गावातून किती जण त्यांच्या बाजूनं उभे राहिले? दवाखान्याची नवी इमारत झाली की फित कापायला झुंबड उडते. त्याच दवाखान्यात नर्स किती दिवस आहे, याची चौकशी करायला कुणी जात नाही.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचं उद्घाटन झालं तेव्हा किती वेगानं नागपूर गाठता येतं याच्याच गप्पा होत्या. तासनतास एकसारखा सरळ रस्ता, चालकाला डुलकी लागणारच, त्यानं थांबायचं कुठे, चहा कुठे प्यायचा, टायर कुठे तपासायचे, ही सोय रस्त्यासोबत आलीच नव्हती. आधी वेगाचं उद्घाटन, मग थांब्यांचा विचार. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ एका बसमध्ये २५ माणसं जळून गेली. एका अपघाताचं खापर कुणा एकावर फोडायचा मला अधिकार नाही. पण ज्या समाजात थोपवण्याच्या कामाला कुणी विचारत नाही, तिथे रस्तेही तसेच बांधले जातात.

घरातही हेच चालतं, आणि इथे माझा राग जास्त आहे. सोयाबीनचा पैसा आला की मोटरसायकल घेणारा, लग्नात डीजे लावणारा, जास्तीचं एकरभर मक्त्यानं घेणारा बाप किंवा भाऊ गावात कर्तबगार ठरतो. त्याच पैशातून बचत गटाचा हप्ता बाजूला काढणारी, बियाण्यापुरती तूर गाडग्यात बांधून ठेवणारी, "यंदा नको, पाऊस पाहू" म्हणणारी बाई घरात खोडा घालणारी ठरते. पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत आपलं नाव आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी या जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. त्यानंतर कितीतरी योजना आल्या आणि गेल्या. पण ज्या बाईच्या "नको"मुळे एखादं घर कर्जात जाता जाता वाचलं, तिचा सत्कार कुठल्या ग्रामसभेत झालेला मी ऐकला नाही. जे घडलंच नाही त्याचा फोटो काढता येत नाही, आणि आपल्याला फोटोशिवाय काही दिसत नाही.

वऱ्हाडात एक माणूस असा होऊन गेला ज्यानं हे उलटं करून दाखवलं. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात पाऊल टाकताच आधी झाडू हातात घेत, नाल्या उपसत, उकिरडे हलवत. कीर्तन रात्री. लोक कीर्तनाला येत, पण बाबांनी झाडू कधी कीर्तनाची तयारी म्हणून वापरला नाही. झाडणं हेही त्यांच्या लेखी पूर्ण काम होतं, देवाचं काम होतं. आपण काय केलं? त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, आणि कितीतरी गावांत तपासणीचं पथक येण्याच्या आदल्या रात्री झाडू फिरवला. पथक गेलं, बक्षिसाचा फलक लागला, नाली पुन्हा तुंबली. गाडगेबाबांनाही आपण रेडर करून टाकलं.

त्यामुळे कुणी मला विचारलं की आक्रमक खेळावर जीव असलेला प्रशिक्षक बचावाला खरंच मानतो का, तर मी त्याला उलट विचारतो: तुझ्या मैदानाभोवती जी माणसं बसतात ती मानतात का? मानत नसतील तर प्रशिक्षक मानूच शकत नाही, फार तर दोन-चार हट्टी माणसं अपवाद निघतील आणि आपण त्यांना हाकलून देऊ. अशा हट्टी प्रशिक्षकाला ओळखायचं कसं, तेही सांगतो. तो सरावात घड्याळ लावून बचावाला निम्मा वेळ देतो. संघ हरला की आधी कोपऱ्याला शिव्या घालत नाही, रेडरनं किती चढाया फुकट घालवल्या ते मोजतो. आणि मुख्य म्हणजे पकड झाल्यावर तो आत येणाऱ्या रेडरकडे न पाहता जमिनीवर पडलेल्याला हात द्यायला आधी जातो.

कोपरा सांभाळणाऱ्या पोरांची बोटं वाकडी असतात. घोट्याला लाथ बसते, गुडघा मुरमावर आपटतो, आतली दोरी तुटते. गावचा जाणता तेल चोळून देतो, पोरगं लंगडत पुढचा सामना खेळतं, कारण नाही म्हटलं तर जागा जाते. पंचविशीत तो खेळ सोडतो आणि दुसऱ्याच्या वावरात रोजंदारीला जातो. उकिडवं बसून निंदणं त्याला जमत नाही. गावात कुणी विचारत नाही की हा कधी खेळायचा का.

यंदाच्या स्पर्धेची पत्रिका छापायला जाईल तेव्हा मंडळांनी उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांची बक्षिसं सारख्या रकमेची छापावी, आणि फ्लेक्सवर रेडरच्या शेजारी कोपऱ्यातल्या पोराचाही फोटो त्याच आकारात लावावा. देणगीदार म्हणाला की माझा फोटो रेडरसोबतच हवा, तर त्याला एवढंच विचारावं की स्पर्धेत ज्याचा गुडघा जाईल त्या पोराच्या एमआरआयचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च तो देणार का, आणि त्याचं उत्तर त्याच पत्रिकेत त्याच्या नावाखाली छापावं.